मधाळे सरांचा खुलासा

मधाळे सरांच्या तासानंतर माझा तास असायचा, आणि तो एकदाही वेळेवर सुरू झाला नाही. निपाणीच्या कॉलेजात मी इतिहास शिकवायची. ते मराठी शिकवायचे आणि त्याला जोडून वृत्तपत्रविद्या. घंटा होऊन गेली तरी हे गृहस्थ आत बोलतायत, आणि मी दारात डस्टर घेऊन उभी. कारण एकच, यांची हजेरी. बाकीचे आम्ही रोल नंबर म्हणून मोकळे व्हायचो. सर मात्र पोराचं नाव, बापाचं नाव, आडनाव आणि वर गाव, असं सगळं म्हणत. 'संभाजी बाबू चौगुले, राहणार कोगनोळी.' 'शैला आप्पासाहेब मगदूम, राहणार चिकोडी.' निम्मा तास त्यातच जायचा, आणि मग शिकवणं माझ्या तासात शिरायचं.

"सर, तुम्ही पोरांना शिकवताय की शिरगणती करताय?" मी एकदा चिडून विचारलं.

"मॅडम, अर्धं नाव घेतलं की मला त्या माणसाचं काहीतरी लुबाडल्यासारखं वाटतं बघा," ते म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. अशा माणसाशी भांडून काय उपयोग! मी पुढं पुढं घरनं दहा मिनिटं उशिरा निघायला लागले.

महादेव यल्लाप्पा मधाळे. उंच, खांद्यात जरा वाकलेले, गळ्यापर्यंत बटण लावलेला पांढरा शर्ट. स्टाफरूममध्ये दोन पेपर घेऊन बसायचे, एक मराठी, एक कन्नड, आणि एकटे असले तरी मोठ्यानं वाचायचे. मधेच थांबायचे आणि आपल्याशीच म्हणायचे, "आता हे वाक्य मलिकचाचा कसं वाचतील?" नव्या माणसाला वाटायचं, सरांचं जरा ढिलं झालंय. आम्हाला सवय होती.

या नावांच्या वेडामागं काय होतं ते एकदाच कळलं. आमच्यातल्या एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी झाडणाऱ्या बाईंना "ए, हिकडं ये गं" अशी हाक मारली. सर ताडकन उठले. असं चिडलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. म्हणाले, "माझी आई जन्मभर विडीच्या कारखान्यात बसली. गंगूबाई यल्लाप्पा मधाळे. तिथं तिला गंगी म्हणत. ती गेली तेव्हा मी सांगायला गेलतो, तर दिवाणजी विचारतो, कुठली गंगी? इथं चार हैत." मग ते खाली बसले. ज्येष्ठांनी चष्मा पुसला. त्या दिवसापासून झाडणाऱ्या बाईंना स्टाफरूममध्ये सगळे पार्वतीबाई म्हणू लागले.

आईच्या त्याच कारखान्यात सरांचा अभ्यास सुरू झाला. निपाणीच्या बाहेर कुणाला सांगितलं तर खोटं वाटेल, पण तिथं एक रीत होती. मांडीवर सूप घेऊन बायका विड्या वळायच्या आणि मधोमध एक माणूस पेपर वाचून दाखवायचा. हे मलिकचाचा. पूर्वी तंबाखूची पोती उचलायचे, पाय अधू झाल्यावर बायकांनीच त्यांना वाचायला बसवलं. कुणी भाकरी द्यायची, कुणी कालवण, आणि चाचा सकाळपासून वाचायचे. पेपर कन्नड असला तरी तोंडातनं मराठी यायची, आणि मराठी असला तर कोपऱ्यातल्या कन्नड बायकांसाठी मधे मधे कन्नड.

गंमत अशी की चाचा छापलेलं तसंच्या तसं कधीच वाचत नसत. सीमाप्रश्नावरून कुठं दगडफेक झाली की मराठी पेपर एक सांगायचा, कन्नड पेपर दुसरं. चाचा दोन्ही चाळायचे आणि म्हणायचे, "काचा फुटल्या. कुणी फोडल्या ते काचेलाच ठावं. पुढची बातमी." कारण समोर दोन्हीकडच्या बायका मांडीला मांडी लावून बसलेल्या. अपघाताची, मरणाची बातमी ते संध्याकाळी विड्या मोजून दिल्यावरच सांगायचे. मधेच सांगितली तर हात थांबतात, विड्या कमी भरतात, आणि फटका बायकांनाच.

सर सुट्टीच्या दिवशी टेपरेकॉर्डर घेऊन तिथं जाऊन बसायचे. त्यांचं म्हणणं असं की बातमी छापखान्यात तयार होत नाही, ती वाचणाऱ्याच्या तोंडात तयार होते. पुण्याच्या एका परिषदेत त्यांनी हे मांडलं. तिथं इंग्लंडहून आलेले एक प्राध्यापक होते. ते खुळावलेच. आणीबाणी उठल्यावर थोड्याच दिवसांत आमच्या मधाळे सरांना बोलावणं आलं, एक वर्ष तिकडच्या विद्यापीठात पाहुणे अभ्यासक म्हणून या, पोरांना शिकवा आणि संशोधन पुरं करा.

विडीवालीचा मुलगा विमानात बसणार म्हणून निपाणीत केवढा आनंद! बायकांनी कारखान्यात पेढे वाटले. त्यात पुढाकार यमुनाक्काचा. यमुना दत्तू खोत, राहणार कोगनोळी. नवरा गेलेला, एक मुलगा शाळेत, रोज बसनं येऊन जाऊन काम करायची. सरांच्या आईशेजारी बसून विडी शिकलेली. तोंडानं फटकळ, पण सरांवर जीव. सर निघायच्या आधी शेवटचं ध्वनिमुद्रण करत होते, तेव्हा दिवाणजी जेवायला गेलेला बघून तिनं मशीन स्वतःकडं ओढलं आणि तोंड जवळ नेऊन म्हणाली, "आमची वाकडी विडी छाट म्हणून बाजूला काढत्यात, तिचं पैसं आमाला न्हाईत. ती छाट टाकून देत्यात व्हय? न्हाय! बंडलात घालून इकत्यात! सांगा तुमच्या इंग्लंडला!" सगळ्या हसल्या. सरही हसले.

तिकडचे किस्से सरांनी परत आल्यावर सांगितले, आणि पहिले काही दिवस आम्ही हसून हसून दमलो. कोटाखाली दोन स्वेटर घालून फिरायचे. घरमालकिणीला पहिल्याच दिवशी वडलांचं नाव आणि गाव विचारलं, तर तिला वाटलं हा पोलिसातला आहे. खोलीत मोठ्यानं पेपर वाचायचे, ती दार वाजवून विचारायची, पाहुणे किती जण आहेत? आणि तिथं सगळे एकमेकांना नुसत्या पहिल्या नावानं हाक मारणारे. विद्यार्थी विभागप्रमुखाला नावानं हाक मारतात, हे सांगताना सरांचा आवाज अजून घाबरा व्हायचा. "मला म्हणायचे महादेव. नुसतं महादेव! मॅडम, मला वाटायचं, दिवाणजीच बोलवतोय."

शिकवणं मात्र त्यांना आवडलं. वर्गात ते टेप लावायचे. विड्या वळल्याचा आवाज, चाचांचं वाचन, मधे बायकांचं हसणं. वाक्य थांबवून ते विचारायचे, पेपरात काय होतं आणि चाचांनी काय केलं? पोरं वेड्यासारखी ऐकायची म्हणे.

मग तिथल्या नियतकालिकासाठी त्यांनी लेख लिहिला आणि भांडण झालं. विभागप्रमुख म्हणाले, अशा अभ्यासात माणसांची खरी नावं देत नाहीत. कामगार अ, कामगार ब असं लिहा. सरांना हा सरळ अपमान वाटला. त्यांनी सांगितलं, "माझ्या आईला जन्मभर कुणी पुरं नाव दिलं नाही. आता तुम्ही या बायकांचं एकेक अक्षर करणार?" महिनाभर वाद चालला, आणि सर जिंकले. लेख नावानिशी छापला गेला, पुऱ्या नावानिशी, राहणार अमुकसह. यमुनाक्काचं छाटेचं वाक्यही त्यात होतं.

वर्गातल्या एका मुलीनं त्यांना विचारलं होतं, "सर, हे त्या बाईच्या मालकानं वाचलं तर?"

"तो इंग्रजी वाचत नाही," सर म्हणाले. वर्ग हसला. ती मुलगी हसली नाही. ही गोष्ट सरांनी आम्हाला आल्या आल्या सांगितली ती गंमत म्हणून. नंतर तीच गोष्ट ते पुन्हा पुन्हा सांगत राहिले, आणि मग ती ऐकवेना.

परत आले तेव्हा हारतुरे, सत्कार, भाषणं. बेळगावच्या एका मराठी पेपरच्या संपादकांनी लेख मागून घेतला. सीमाभागातल्या मराठी माणसाचा साता समुद्रापार डंका, असं मथळ्यात लिहिणार म्हणाले. सरांना आनंद झाला. त्यांनी लेख दिला आणि वर सांगितलं, "तेवढी नावं अर्धी करू नका हं." संपादकांनी भाषांतर करवून रविवारच्या पुरवणीत पानभर छापला. छाटेचं वाक्य होतं, यमुनाक्काचं नाव होतं, गावही होतं.

सोमवारी मलिकचाचांनी तो पेपर कारखान्यात वाचायला घेतला. आणि जे इतकी वर्षं कधी केलं नव्हतं ते त्या दिवशी केलं. एकही शब्द बदलला नाही. का, तर हे आपल्या सरांचं लिखाण! त्यात हात कसा घालायचा? त्यांनी ते देवाचं पुस्तक वाचावं तसं ठासून वाचलं. बायका अभिमानानं ऐकत होत्या. दिवाणजीसुद्धा चहाचा ग्लास घेऊन दारात कौतुकानं ऐकत उभा होता. 'यमुना दत्तू खोत, राहणार कोगनोळी' आलं तेव्हा बायकांनी तिला कोपरानं ढोसलं. मग पुढचं वाक्य आलं. चाचांना ते तोंडातनं गेल्यावर कळलं.

दुसऱ्या दिवशी यमुनाक्काला विड्या वळायला पान-तंबाखू मिळालं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. दुसऱ्या कारखान्यात गेली तर तिथंही नाही, निरोप आधीच पोचलेला. चाचा सरांच्या घरी येऊन रडले. "एक वाक्य गाळलो असतो तर काय बिघडलं असतं सर? रोज गाळतो की मी!" सर त्यांचा हात धरून बसले आणि म्हणाले, "चाचा, तुम्ही नाही. मी केलं हे."

सर मालकाकडं गेले. मालक मोठा गोड माणूस. खुर्ची दिली, चहा दिला. "सर, तुम्ही आमच्याच कारखान्यातल्या बाईचं लेकरू. तुमचा आमाला अभिमान हाय. बाईला उद्यापासनं घेतो की कामावर. तेवढं तुम्ही पेपरात छापा, ती असं बोल्ली न्हाई म्हणून."

स्टाफरूममध्ये दोन दिवस नुसता गोंधळ. कुणी म्हणे, मुळीच देऊ नका, तुमचं संशोधन मातीत जाईल. कुणी म्हणे, संशोधन घेऊन काय करायचंय, त्या बाईची चूल बघा. सर कुणाचंच ऐकत नव्हते. खिडकीशी उभे राहायचे. डोळे खोल गेलेले. तिकडून पुढच्या वर्षीही या म्हणून निरोप आला होता, तो त्यांनी मला दाखवला आणि म्हणाले, "मॅडम, हे आता गेलं." मला फार वाईट वाटलं. हा माणूस कधी कुणाचं वाईट चिंतणारा नव्हता.

खुलासा छापून आला. 'माझ्या लेखातील विधान संबंधित स्त्री कामगाराने केलेले नसून ते माझ्या कल्पनेने लिहिले गेले आहे. त्याबद्दल मी दिलगीर आहे.' खाली सही, प्रा. महादेव यल्लाप्पा मधाळे.

मग काय विचारता! कन्नड पेपरनं लिहिलं, मराठी प्राध्यापकाचा खोटेपणा उघडा. मराठी पेपरनं लिहिलं, दडपशाहीनं लेखणी वाकवली. दोन्हीकडं यमुनाक्काचा कुणाला पत्ताच नव्हता. सरांनी तोच खुलासा स्वतः इंग्लंडलाही कळवला. इथं एक आणि तिथं एक असं त्यांना जमलं नसतं. तिकडनं दोन ओळींचं उत्तर आलं, लेख मागं घेतला आहे, पुढच्या वर्षीचं निमंत्रण रद्द समजावं. कॉलेजात पोरं मागं कुजबुजायची, कल्पनेचे प्राध्यापक. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. सर मान खाली घालून जायचे.

पण यमुनाक्काला काम मिळालं. एवढ्यावर सरांनी सगळं सोसलं असतं, असं मला वाटतं. तीच नेमकी एका दुपारी कॉलेजात आली. स्टाफरूमच्या दारात उभी राहिली, डोक्यावर पदर, हाताला तंबाखूचा वास. सर लगबगीनं उठले. "ये आक्का, बस."

"बसायला न्हाई आले." आवाज बारीक होता, पण खोलीतल्या सगळ्यांना ऐकू गेला. "सर, मी बोल्लेच न्हाई म्हणून छापलासा व्हय?"

"आक्का, तुझं काम..."

"कामाचं मी बगत हुते. भावाकडं गेले असते, रानात गेले असते. काम गेलं तवा बायका म्हणायच्या, यमुनी खरं बोल्ली म्हणून काडली. चार जणी भाकरी घिऊन यायच्या. मला वाईट वाटलं न्हाई सर. आता त्याच बायका काय म्हणत्यात ठाव हाय? हिनं सरांना खोटं पाडाय लावलं आन आपलं काम परत मिळीवलं." तिनं पदरानं तोंड पुसलं. "छापताना मला विचारला न्हाईसा. ते मी काय म्हणत न्हाई, माझं नाव पेपरात आलं, मला गोड लागलं हुतं. पर पुसताना तरी विचारायचं हुतं की."

ती निघाली. पायऱ्यांपर्यंत सर तिच्या मागं गेले. ती वळली नाही.

त्यानंतर सर नोकरी करत राहिले, एवढंच म्हणता येईल. वृत्तपत्रविद्येचा तास त्यांनी दुसऱ्याला देऊन टाकला. कारखान्याकडं फिरकले नाहीत. चाचा वारले तेव्हा मात्र खांदा द्यायला गेले आणि रडले. हळूहळू कारखान्यातलं वाचन बंदच पडलं. तिथं रेडिओ आला, त्यावर दिवसभर गाणी.

निवृत्तीला थोडे महिने राहिले होते तेव्हा एका रविवारी ते माझ्या घरी आले. म्हणाले, "मॅडम, कोगनोळीला येता का? एकट्याला धीर होत नाही." बसमध्ये त्यांनी सांगितलं. कडोलीच्या साहित्य संमेलनात त्यांना परदेशातल्या अनुभवांवर बोलायला बोलावलं होतं. तिथं उभं राहून सांगायचं त्यांच्या मनात होतं, की खुलासा खोटा होता, बाई खरं बोलली होती. "पण यावेळी आधी विचारणार," ते म्हणाले. नाक्यावर उतरून आम्ही चालत गेलो. सर वाटेत दोनदा थांबले. मला वाटलं, परत फिरतात.

यमुनाक्का अंगणात शेंगा निवडत होती. केस पांढरे झाले होते. सरांना बघून ती उठली नाही, पण "या" म्हणाली. पोतं पसरलं. आत सून चुलीपुढं होती, तिला च्या ठेव म्हणाली. सरांनी सगळं सांगितलं. अडखळत, पण सगळं. शेवटी म्हणाले, "आक्का, तू हो म्हणालीस तरच बोलेन."

तिनं हातातली शेंग फोडली.

"न्हाय सर," ती म्हणाली. "आता नगं. सून त्याच कारखान्यात जाती. त्याच मालकाचा पोरगा आता बगतोय. तिला भोवल."

सरांनी मान हलवली. "बरं," म्हणाले. त्यांचा चेहरा मला बघवेना. एवढं ओझं घेऊन आलेला माणूस, तसाच परत जाणार. सुनेनं चहा आणून ठेवला आणि आत गेली. आम्ही तो प्यायलो. सर उठायला लागले तशी यमुनाक्का म्हणाली, "थांबा."

"कडोलीला नगं. पेपरात नगं. पर हितं म्हणा की. माझ्या अंगणात कोण ऐकतंय?"

"काय म्हणू, आक्का?"

"मी खरं बोल्ले हुते ते."

सर म्हणाले, "तू खरं बोलली होतीस, यमुनाक्का. मी खोटं छापलं." इतकं हळू की मलासुद्धा नीट ऐकू आलं नाही.

यमुनाक्कानं आत वळून हाक मारली, "सुमन! भाईर ये गं जरा." सून दारात आली, हात पिठाचे. तिला आपल्या शेजारी उभी करून यमुनाक्का सरांकडं वळली.

"आता जरा मोट्यानं म्हणा."